घार, कापशी आणि शिक्रा पत्र्यावर रंगवताना



आमच्या शिवारात बाकदार चोचीचं काहीही उडालं की ती 'घार'. वस्तीवरचं कोंबडीचं पिल्लू गेलं की दोषही घारीलाच. औंदा बांधावरच्या बाभळीत कापशीच्या जोडीनं घरटं बांधलं, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, "पाडून टाका, पिल्लं उचलत्यात." मी म्हणालो, "काकू, ही उंदरांवर जगणारी." त्यावर त्यांचा प्रश्न, "अवो, पर आमी वळखायचं कसं?"

प्रश्न रास्त होता. तोंडी सांगून भागणार नव्हतं. जुने पत्रे घासले, ऑइलपेंट आणला आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीवर लावायला शिकारी पक्ष्यांचे फलक रंगवायला घेतले. बघताना 'घारीसारखं काहीतरी' चालून जातं, रंगवताना चालत नाही. शेपटीला खाच आहे की नाही, डोळा तांबडा की पिवळा, हे ठरवल्याशिवाय कुंचला पुढं सरकत नाही.

नेहमीची घार तपकिरी, लांबीला साधारण २ फूट. तिच्या शेपटीला खाच असते. पण वळताना शेपूट पुरती पसरली की खाच बुजते आणि कड सरळ दिसते. म्हणून ती दोनदा रंगवली, शेपूट मिटलेली आणि पसरलेली.

कापशी जेमतेम फूटभर. पांढरी-राखाडी, खांद्यावर काळा डाग, डोळे लालभडक. उभ्या पिकावर एका जागी पंख मारत थांबते, मग पाय खाली सोडून उतरते. तिचं पिल्लू मात्र पाठीवर तपकिरी, खवल्याखवल्यांचं, आणि डोळा अजून लाल झालेला नसतो.

हिवाळ्यात शाळूवरून पांढुरका भोवत्या जातो. त्याचा नर लांबून कापशीच वाटतो. पण तो हवेत थांबत नाही. पंख किंचित वर धरून पिकाला लागून तरंगत जातो. शेपूट लांब, डोळा पिवळा. त्याची मादी तपकिरी, कमरेवर पांढरा पट्टा. माँटेगूच्या भोवत्याची मादीही जवळपास तशीच. चांगला फोटो नसेल तर जाणकारही तिथं नाव घ्यायला बिचकतात. फलकावर मी नुसतं 'भोवत्या, मादी' लिहिलंय. खोट्या पूर्ण नावापेक्षा खरं अर्धं नाव बरं.

सगळ्यात घाम काढला शिक्र्यानं. मोठ्याच्या छातीवर तांबूस बारीक आडव्या रेषा, तर पिल्लाच्या छातीवर उभे ओघळ. एकाच जातीचे म्हणून पटत नाही. त्यात पावशा! 'पेरते व्हा' ही त्याची हाक आपल्या ओळखीची, पण अंगावरचा पेहराव शिक्र्याचा. सातभाईच्या घरट्यात अंडं घालणारा, सुरवंट-अळ्या खाणारा हा पक्षी. इथं रंग काही कामाचा नाही. चोच आणि पाय बघा. शिक्र्याची चोच आखूड आणि आकड्यासारखी, पायाची तीन बोटं पुढं, एक मागं, नखं धारदार. पावशाची चोच बरीच सरळ आणि बोटं दोन पुढं, दोन मागं.

आता पद्धत ठरून गेलीय. आधी नुसती काळी सावली काढायची, कारण भर उन्हात वर बघितलं की आपल्याला सावलीच दिसते. पंखांची ठेवण, शेपटीची लांबी आणि बसायची ढब जमली की मग रंग. एकाच फोटोवर विसंबायचं नाही. संध्याकाळच्या उन्हात पांढरी छातीसुद्धा तांबूस दिसते.

एवढी काटेकोरी कशासाठी? फलक चुकला तर नको ते घरटं पडेल. उंदीर टिपणारी जोडी गेली की तिचं काम विषाच्या गोळ्यांवर येतं, आणि विष खाल्लेला उंदीर घुबडाच्याही पोटात जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं या पक्ष्यांना संरक्षण आहे, ते वेगळंच. पिल्लं उचलते ती मुख्यतः घार, कधी शिक्रा. त्यालाही इलाज जाळीचा, घरटं पाडण्याचा नाही.

तुमच्या शिवारात असा पक्षी दिसला तर फोटोसोबत एवढं कळवा: कुठं बसला होता, कसा उडाला, हवेत थांबला का, शेपूट कशी होती. रंग सगळ्यात शेवटी सांगा.