निजामाचं दोन आण्यांचं तिकीट

निजामाच्या टपाल तिकिटांवर मराठी होती, हे ऑफिसातल्या पुण्याच्या मित्रांना सांगितलं की त्यांचा आधी विश्वासच बसत नाही. मग मी मोबाइलमधला फोटो काढून दाखवते. १९३१ सालचं एक आण्याचं तिकीट, त्यावर चारमिनार, आणि किंमत उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अशी चार भाषांत. त्याच मालिकेत आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्यांचं प्रवेशद्वार आणि एक रुपयावर दौलताबादचा मिनार आहे. मराठवाडा तेव्हा याच राज्यात होता, म्हणजे नवल वाटायचं कारण नाही. तरी वाटतं.

ही तिकिटं माझ्या आजोबांची. शाळेत असल्यापासून ते जमवत होते, आणि पुढे आबिड्सच्या रविवारच्या जुन्या बाजारात त्यांची फेरी ठरलेली असे. ते गेल्यावर अल्बम धाकट्या काकांकडे आला. दोन वर्षांपूर्वी चुलतभावाला बाहेरदेशी शिकायला जायचं ठरलं आणि काकांना अल्बम आठवला. त्यातलं १८७० चं दोन आण्यांचं हिरवट तिकीट हे आमच्या घरातलं सोनं, असं आजोबा नेहमी म्हणत. "तू कॉम्प्युटरवाली, तूच ऑनलाइन विकून दे," असं म्हणून काकांनी अल्बम माझ्या हातात दिला.

मला तिकिटांतलं काही कळत नव्हतं. पण विकायचं तर त्याचं वर्णन लिहावं लागतं, आणि वर्णन लिहायचं तर वस्तू काय आहे ते समजून घ्यावं लागतं. त्यात मी जी अडकले ती आजतागायत.

संस्थानांची तिकिटं ढोबळ मानाने दोन प्रकारची. ग्वाल्हेर, पतियाळा अशा काही संस्थानांनी इंग्रज सरकारशी टपालाचा करार केला होता. त्यांची तिकिटं म्हणजे ब्रिटिश इंडियाचंच तिकीट, वर संस्थानाचं नाव छापलेलं. इंदूर, भोपाळ, भोर, हैदराबाद यांची मात्र स्वतःची तिकिटं, आणि ती आपापल्या हद्दीतच चालत.

पहिल्या प्रकारात लबाडी सोपी असते. साधं, स्वस्त, अस्सल तिकीट घ्यायचं आणि त्यावर नाव आपण छापायचं. कागद खरा, रंग खरा, शिक्का फक्त खोटा. तिथे अक्षरांची उंची, दोन अक्षरांतलं अंतर, शाई कागदात किती मुरली आहे, हे सगळं भिंगाखाली बघावं लागतं. मी बाराशे डीपीआयवर स्कॅन करून खात्रीच्या नमुन्यावर ठेवून बघते. ऑफिसात दोन फायलींतला फरक काढतो तसंच.

दुसऱ्या प्रकारात मला खरी मजा वाटते, कारण तिथे चुका हाच खरेपणाचा पुरावा असतो. भोपाळची १८७२ पासूनची तिकिटं बघा. पानावरचं प्रत्येक तिकीट कारागिराने वेगळं हाताने काढलेलं. त्यामुळे नवाब शाहजहान बेगम यांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग ठिकठिकाणी बिघडलेलं. कुठे 'बेगम'मधल्या ई चा एफ झालाय, कुठे शेवटच्या एम चा एन. राज्यकर्तीचंच नाव चुकलंय आणि तिकीट बिनदिक्कत चाललंय! मधे उर्दू अक्षरांचा कोरा उठाव असतो, तो नकली तिकिटांवर पुष्कळदा नसतोच. नक्कल करणारा सहसा एकच तिकीट समोर ठेवतो आणि त्याच्या शंभर प्रती काढतो. मग त्या शंभरही ठिकाणी तीच एक चूक दिसते.

कागदही बोलतो. अल्ट्राव्हायोलेट टॉर्च शेदोनशे रुपयांत मिळते. १८७० चा म्हणवणारा कागद तिच्या उजेडात निळसर पांढरा लखलखला, तर त्यात अलीकडची, कागद पांढरा करणारी रसायनं आहेत असं समजायचं. आमचं तिकीट लखलखलं नाही. काका खूश.

मग मी दात मोजले. तिकिटाच्या कडेला दोन सेंटिमीटरमध्ये किती भोकं, हा त्याचा आकडा. १८७० च्या या तिकिटाचे पत्रे हैदराबादेतच कोरले होते. एका पत्र्यावर २४० तिकिटं, प्रत्येक वेगळं कोरलेलं, आणि दातांचा आकडा ११.५. पुढे १८८० मध्ये ही तिकिटं पांढऱ्या कागदावर पुन्हा छापली गेली, तेव्हा दात पडले १२.५. आमचे होते १२.५. कोपऱ्यातून मोजले, मधून मोजले, चारही बाजू मोजल्या. १२.५.

काकांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अगं, एका भोकाने काय फरक पडतो? बाबांनी सत्तरचं म्हणून घेतलं, सत्तरचं म्हणून जपलं."

"काका, हे खोटं नाही. पुन्हा छापलेलं आहे, इतकंच."

"मग लिही ना अठराशे सत्तर. घेणारा बघेल त्याचं तो."

आतेबहिणीचंही तेच मत पडलं. ऑनलाइन सगळे असंच लिहितात, विकत घेणाऱ्याला अक्कल हवी. फीची तारीख जवळ येत होती आणि चुलतभाऊ मधे बसून काहीच बोलत नव्हता, तेच मला सगळ्यात जड गेलं. तरी मी लिहिणार नाही म्हणाले. हवं तर दुसऱ्या कोणाकडून विका, माझ्या खात्यावरून नाही. आजोबांना ठाऊक होतं की नाही, यावर त्या रात्री घरात जो वाद झाला तो इथे नको. अल्बममध्ये त्या तिकिटाखाली पेन्सिलने फक्त '२ आणे' लिहिलंय, साल नाही. बाकी सगळ्या तिकिटांखाली साल आहे. आता याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

काका चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांचा निरोप आला, "तुला जे लिहायचं ते लिही." मी '१८८० ची पुन्हा केलेली छपाई, दात १२.५' असं लिहून चारही बाजूंचे फोटो टाकले. धरलेल्या रकमेचा पाव भागही आला नाही. फी शेवटी बँकेच्या कर्जातूनच भरली. घेणारे गृहस्थ बेंगळुरूचे. आधी त्यांनी कागदाच्या मागच्या बाजूचा फोटो मागवला, मग विचारलं, "याच अल्बममधली सरकारी शिक्क्याची तिकिटं आहेत का? ती मात्र मी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय घेणार नाही."

तशी सात आहेत. ती सध्या माझ्या स्कॅनरवर आहेत.