दोष कुठला, आरोप कुणावर

साहित्याच्या वर्गात ‘दोष’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. कवीचा दोष, नकलकाराचा दोष, संपादकाचा दोष आणि मुद्रकाचा दोष या चार निरनिराळ्या गोष्टी आहेत. त्यांतली कोणती आपल्यापुढे आहे हे ठरवल्याखेरीज टीकेचे पहिले वाक्यही लिहू नये, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगत असतो. गेल्या पावसाळ्यात हेच तत्त्व एका कोसळणाऱ्या संगणकाला लावून पाहण्याची वेळ आली. यंत्र जुनेच होते, ते गेले असते तरी फारसे बिघडले नसते. पणाला लागले होते ते एका विद्यार्थिनीचे नाव.

आम्ही दोघी मराठीच्या अध्यापिका. एकीचे घर पेणला, दुसरीचे रोह्याला. आमच्या विभागाकडे एक लॅपटॉप आहे. त्यावर लिनक्स ही प्रणाली आणि दोन्ही तालुक्यांतल्या गावांतून ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. त्या ऐकून लिहून काढण्याचे काम एम. ए.च्या मुली करतात. जुलैत तो आठवडाभर रोह्याच्या एका मुलीकडे होता. तिने तो पेणला परत आणला, अध्यापक-कक्षात वायफाय सुरू केले गेले आणि पडदा जागच्या जागी गोठला. माउस हलेना, कळा दाबल्या तरी उत्तर नाही. फक्त कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत राहिला. बटण दाबून धरून तो बंद केला, पुन्हा सुरू केला. वायफाय लागताच पुन्हा तेच.

“पोरीने काहीतरी घातलेलं दिसतंय त्यात,” हा निकाल चहा निवायच्या आत लागला. यापुढे लॅपटॉप मुलींना घरी द्यायचा नाही, असेही लगोलग ठरले. ज्या मुलींच्या घरी संगणक नाही, त्यांच्या दृष्टीने याचा अर्थ काम थांबले असाच होता. ती मुलगी एवढेच म्हणाली, “मॅडम, मी फक्त काम झालं की नीट बंद करून ठेवत होते.” ते वाक्य चर्चेत वाहून गेले, आम्ही ते लिहून ठेवले.

एका वायफायने सगळा संगणक का कोसळावा, हे आधी समजून घेतले पाहिजे. प्रणालीच्या गाभ्याला ‘कर्नल’ म्हणतात. यंत्राच्या प्रत्येक भागाशी बोलणारा जो दुभाष्या असतो, तो ‘ड्रायव्हर’. लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहिले, तेव्हापासून त्यात ड्रायव्हर बहुतांशी गाभ्याच्या आतच, गाभ्याच्याच अधिकाराने चालतात. लेखनाचा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो. ड्रायव्हरने मात्र स्मृतीतल्या भलत्याच जागी हात घातला, तर गाभ्याला कशावरच विश्वास ठेवता येत नाही आणि पुढचे नुकसान टाळण्यासाठी तो स्वतःच थांबतो. लुकलुकणारा दिवा ही त्या थांबण्याची खूण. ‘मिनिक्स’ या प्रणालीचे कर्ते अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९९२ मध्ये नेमक्या याच रचनेवर आक्षेप घेतला होता: गाभा लहान असावा आणि दुभाष्यांना बाहेर बसवावे. टॉरवाल्ड्स यांनी तो मानला नाही. घरच्या माणसाचा अधिकार दिलेला दुभाष्या वेगाने काम करतो, पण तो चुकला की घरच बसते.

तपासाच्या आरंभी आम्ही राउटर बंद केला. संगणक शांतपणे चालू लागला. त्या शांततेत सगळ्या ओव्यांची दुसरी प्रत काढली. एकमेव पोथीवर कोणी प्रयोग करीत नाही. मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असे ठरवले. केबल जोडून इंटरनेट चालवले, काही झाले नाही. फोनचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवून पेणलाच जोडणी केली, तरी काही झाले नाही. म्हणजे ‘पेणची दमट हवा’ आणि ‘वायफायचे कार्डच गेले’ हे दोन्ही तर्क बाद झाले. शनिवारी नागोठण्यावरून रोह्याला जाताना लॅपटॉप सोबत नेला. तिथे तोच हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर केला, आणि रोह्यातही संगणक कोसळला. तेव्हा भेद गावांचा नव्हता, लहरींचा होता. पेणच्या कक्षातला राउटर ५ गिगाहर्ट्झवर चालतो. मुलीने घरी वापरलेला फोन २.४ वर होता.

कोसळताना संगणक काय म्हणतो तेही ऐकायचे होते. चित्रमय पडद्यावर ते दिसत नाही, म्हणून नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर जाऊन तिथून वायफाय सुरू केले. ओळींचा एक स्तंभ उमटला; त्याचे फोनने छायाचित्र घेतले. हा स्तंभ खालून वर वाचायचा असतो: कोणी कोणाला बोलावले, त्याने पुढे कोणाला, आणि शेवटी सर्वांत वर, कोण पडले. वरच्या ओळींत वायफायच्या ड्रायव्हरचे नाव होते. पण जो पडतो त्यानेच ढकललेले असते असे नाही. म्हणून संगणक सुरू होतानाच्या यादीतून आधीचा, जुना कर्नल निवडला. पेणच्या त्याच राउटरवर तो दिवसभर विनातक्रार चालला. दोष नव्या कर्नलबरोबर आलेल्या ड्रायव्हरचा होता.

मग प्रश्न उरला, नवा कर्नल आला केव्हा? हस्तलिखिताच्या शेवटी पुष्पिका असते, तशी संगणकातही प्रत्येक अपडेटची तारीखवार नोंद असते. नवा कर्नल ११ जुलैला आपोआप उतरला होता. लॅपटॉप मुलीकडे गेला १५ जुलैला. मधले चार दिवस काही बिघडले नाही, कारण नवा कर्नल संगणक बंद करून पुन्हा सुरू केल्यावरच ताबा घेतो, आणि विभागात तो कोणी बंद करतच नसे. झाकण मिटून ठेवण्याची रीत होती. मुलीने तो नीट बंद केला. तिच्या त्या वाक्यात सगळा उलगडा होता. तिच्या चांगल्या सवयीने दोष उघडा पडला, एवढाच तिचा त्याच्याशी संबंध.

पेण तालुक्यातले वरसई हे विष्णुभट गोडसे यांचे गाव. १८५७ च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात सापडलेल्या या भिक्षुकाने लिहिलेला ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला, तो भाषेत आणि मांडणीत फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदार यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९६६ मध्ये आली. मधली जवळजवळ साठ वर्षे वाचकांनी गोडसे भटजींची म्हणून जी वाक्ये वाचली, त्यांतली काही वैद्यांची होती. वैद्यांचा हेतू वाईट नव्हता. अपडेट पाठवणाऱ्यांचाही नसतो. पण मधल्या हाताने केलेला बदल समोर दिसणाऱ्या माणसाच्या नावावर जमा होतो, आणि तारखा ताडून पाहीपर्यंत तो तिथेच राहतो.

विभागात आम्ही तारखांचा कागद आणि छायाचित्र ठेवले. लॅपटॉप घरी न देण्याचे ठरले होते ते रद्द झाले. ड्रायव्हरची दुरुस्ती येईपर्यंत जुना कर्नल कायम केला. काही आठवड्यांनी आलेल्या नव्या कर्नलवर दोन्ही लहरी नीट चालल्या. त्या मुलीला मात्र कागदाचे अप्रूप नव्हते. तिने विचारले, “मॅडम, हे सगळं तुम्ही लगेच तपासलं नसतं, तर?”

या प्रश्नाचे उत्तर संगणकात नाही. अध्यापकाच्या हाती गुण असतात, शिफारसपत्र असते, नाव राखण्याची आणि घालवण्याचीही शक्ती असते. गाभ्याचा अधिकार आम्हांलाही दिलेला आहे. तो वापरण्यापूर्वी प्रत काढावी, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तारीख पाहावी. नाव सर्वांत शेवटी घ्यावे. पाठचिकित्सा हा विषय अभ्यासक्रमात रुक्ष म्हणून मुले टाळतात. तो माणसांच्या बाबतीतही लागू पडतो, हे त्यांना पहिल्याच तासाला सांगायला हवे.