बोटांना मिळणारी पोच

मेकॅनिकल कीबोर्डवरची एखादी की वर ओढून काढावी, खालच्या स्विचचं झाकण उचकटावं, की आतला सगळा संसार तळहातावर मावतो. वरखाली सरकणारा प्लॅस्टिकचा दांडा, म्हणजे स्टेम; त्याखाली बॉलपेनात असते तशी बारीक स्प्रिंग; आणि कडेला धातूची पातळ पाती. स्टेमला एका अंगाला छोटासा पाय असतो. की मोकळी असते तेव्हा तो पातीला रेटून धरतो. बोट दाबलं की पाय खाली उतरतो, पाती सुटते, समोरच्या धातूला टेकते आणि पडद्यावर अक्षर उमटतं. कीचा पूर्ण प्रवास चार मिलिमीटरांचा. पाती मात्र साधारण दोन मिलिमीटरांवरच टेकलेली असते. मेकॅनिकल कीबोर्डचं सगळं सुख मला या अर्ध्या वाटेत दिसतं.

स्वस्त कीबोर्डमध्ये स्विचच्या जागी रबराची घुमटी असते. ती तळापर्यंत दाबली जाते तेव्हाच अक्षर येतं, म्हणून दिवसभर टंकणाऱ्याची बोटं दिवसभर तळावर आपटत राहतात. मेकॅनिकल स्विचवर सरावलेला हात मधूनच परत फिरतो. पण मध्य आला हे बोटाला कळावं कसं? त्यासाठीच स्विचचे प्रकार, आणि ते ओळखायला रंग. चेरी कंपनीचे एमएक्स स्विच १९८० च्या दशकात आले आणि त्यांच्या स्टेमचे रंग आज साऱ्या जगाची परिभाषा झाले आहेत. लाल स्टेमचा पाय गुळगुळीत. तो काहीच न सांगता खाली जातो. गेम खेळणाऱ्यांना तो आवडतो, मला मुका वाटतो. तपकिरीच्या पायावर इवलासा उंचवटा असतो. पाती त्यावरून घसरते आणि बोटाला हलकीशी अडखळ जाणवते. निळ्यात पायाचा तुकडा स्टेमपासून सुटा असतो. उंचवटा ओलांडताच तो खाली झेपावतो आणि ‘टिक्’ असा स्वच्छ आवाज येतो. लिहिणाऱ्याला प्रत्येक अक्षराची पोच मिळते, स्पर्शानं आणि कानानंही. आयबीएमच्या १९८५ च्या मॉडेल एममध्ये तर स्प्रिंगच कलते, मोडल्यासारखी वाकते आणि खालची पट्टी उलटवते. तिथे पोच देणारी आणि अक्षर उमटवणारी वस्तू एकच. यापेक्षा प्रामाणिक रचना मी पाहिलेली नाही.

कीकॅपचं, म्हणजे कीवरच्या टोपीचं, प्लॅस्टिकही बघावं. एबीएस वापरून वापरून तेलकट चकाकतं, पीबीटीचा खरखरीतपणा पुष्कळ टिकतो. स्पेसबार मात्र आधी दाबून बघावा. तो लांब असल्यानं त्याला तोलायला खाली तारेचा स्टॅबिलायझर लागतो, आणि त्या तारेला नीट ग्रीस नसलं तर उत्तम स्विचांचा कीबोर्डही खडखडतो.

मराठी लिहिताना या पोचेला वेगळाच ताल येतो. इन्स्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतांशी उजव्या. ‘काकी’ लिहायला उजवा, डावा, उजवा, डावा. हलन्त डाव्या मधल्या बोटाखाली, म्हणून ‘क्त’ लिहिताना उजव्या हाताच्या दोन ठोक्यांच्या मध्ये डाव्याचा एक. तपकिरी स्विचवर ‘रक्त’, ‘भक्ती’, ‘मुक्त’ सलग टंकून बघावं. जोडाक्षर जोडलं जाताना बोटांना कळतं. अशा कीबोर्डवर देवनागरी मात्र बहुधा स्टिकरांतून येते, आणि स्टिकर कडांनी सुटतात. इंग्रजी अक्षरं बऱ्याचदा दोन रंगांचं प्लॅस्टिक एकात एक ओतून घडवतात. ती कीकॅप झिजली तरी पुसली जात नाहीत. ‘क’, ‘त’ आणि वेलांटीसाठीही असेच साचे कोरले जावेत, ही माझी मनापासूनची मागणी आहे. त्यासाठी मी जास्तीचे पैसे आनंदानं मोजीन.