लिंबूसत्त्वाच्या पावसातलं विमान

जरबेरा किंवा ढोबळी मिरची लावायला आपल्याकडे जशी पॉलिहाऊस उभारतात, तसे दोन लांबोडके बोगदे २०१३ साली इंग्लंडमधल्या कॉसफर्डच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमच्या आवारात उभे राहिले. आत फवाऱ्याच्या नळ्याही होत्या. पण रोपांच्या जागी होता एक जर्मन बाँबर, सुटे केलेले पंख आणि धड अशा तुकड्यांत. त्याच्यावर उडत होतं सायट्रिक ॲसिडचं सौम्य पाणी. वाण्याकडे लिंबूसत्त्व म्हणून मिळतं आणि ढोकळ्यात पडतं, तेच.

विमान डॉर्निअर डीओ १७ जातीचं. सडपातळ अंगामुळे ‘उडती पेन्सिल’ म्हणून ओळखलं जाणारं. अशी दीड हजारांहून जास्त विमानं बांधली गेली. त्यांपैकी बऱ्यापैकी अखंड म्हणावं असं हे एकच उरलं. २६ ऑगस्ट १९४० रोजी एसेक्समधल्या धावपट्ट्यांवर बाँब टाकायला निघालेलं हे विमान ब्रिटिश लढाऊ विमानांच्या तावडीत सापडलं. वैमानिकानं ते केंटच्या किनाऱ्यासमोर, गुडविन सँड्स नावाच्या वाळूच्या पट्ट्यावर पोटावर उतरवलं. चौघांतले दोघे वाचले आणि कैदेत गेले, दोघे मेले. विमान उलथं होऊन बुडालं.

हा पट्टा विलक्षण आहे. सुमारे सोळा किलोमीटर लांब. ओहोटीला त्याचा काही भाग इतका टणक होतो की हौशी मंडळींनी तिथे क्रिकेटचे सामने खेळलेत. भरती चढली की तीच वाळू ढिली होते आणि जहाजं गिळते. डॉर्निअरही तिनं गिळलं, पण गिळलं म्हणूनच जपलं. वाळूखाली प्राणवायू जवळजवळ पोचत नाही, आणि प्राणवायूशिवाय धातू कुजायला फार वेळ लागतो.

मग वाळू सरकली. २००८ मध्ये पाणबुड्यांना ते दिसलं. ध्वनिलहरींनी केलेल्या पाहणीत तळावर पालथ्या पडलेल्या विमानाची आकृती स्पष्ट उमटली. ‘आहे तिथेच राहू द्या’ हा सल्ला जुन्या वस्तू जतन करण्याच्या आमच्या व्यवसायात सहसा शहाणपणाचा असतो. इथे तो लागू नव्हता. उघड्या पडलेल्या पत्र्याला प्रवाह खरवडतात, मासेमारीची जाळी त्यात अडकतात, आणि आठवण म्हणून एखादा भाग उचलून नेणारे हौशी पाणबुडेही असतातच.

म्हणून नॅशनल हेरिटेज मेमोरियल फंडाच्या सुमारे साडेतीन लाख पौंडांच्या मदतीनं ते वर काढायचं ठरलं. मूळ बेत विमानाभोवती सांगाडा बांधून ते अलगद उचलायचा होता. वारा आणि लाटांनी आठवडेच्या आठवडे खाल्ले, पैसे संपत आले, तेव्हा सांगाड्याचा नाद सोडून विमानाच्या भक्कम भागांना दोर बांधले गेले. १० जून २०१३ च्या संध्याकाळी ते उलटंच, पोट आकाशाकडे करून, पाण्याबाहेर आलं. अंगावर शिंपल्यांची जाड खपली, पंख्यांची पाती वाकलेली, आणि चाकांच्या टायरांत मात्र हवा टिकलेली!

टीव्हीवाल्यांचं काम तिथे संपलं. खरी धास्ती तिथून सुरू होते.

विमानाचा पत्रा शुद्ध ॲल्युमिनियमचा नसतो; बळकटीसाठी त्यात साधारण चार टक्के तांबं घातलेलं असतं. शिवाय त्याला जागोजागी पोलादी बोल्ट भिडलेले. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की घरच्या घरी बॅटरी तयार होते आणि त्यातला दुबळा धातू झिजतो. दुबळा म्हणजे इथे ॲल्युमिनियम. त्यातच सात दशकं मिठातले क्लोराइड पत्र्याच्या बारीक खड्ड्यांत मुरलेले. विमान वर काढून नुसतं सुकू दिलं, तर त्या क्लोराइडांना हवेतला प्राणवायू आणि दमटपणा दोन्ही आयते मिळतात. पत्रा पांढऱ्या भुकटीनं फुगतो आणि पापुद्र्यांनी सुटतो. समुद्रात सत्तर वर्षं टिकलेली वस्तू किनाऱ्यावर थोड्याच काळात हातची जाऊ शकते.

उपाय लंडनच्या इंपीरियल कॉलेजच्या संशोधकांच्या मदतीनं ठरला. आमच्या आज्या तांब्याचा बंब चिंचेनं घासायच्या, त्याच कुळातला हा उपाय. मात्र चिंचेसारखी धिटाई इथे चालत नाही. शेतकरी मातीचा सामू पाहतो तसा इथे द्रावणाचा सामू सतत पाहावा लागतो. तो चारच्या खाली घसरला किंवा साडेआठच्या वर चढला, की ॲल्युमिनियमवरचं संरक्षक पुट विरघळू लागतं. म्हणून लिंबूसत्त्वात कॉस्टिक सोडा मिसळून सामू साडेपाचच्या आसपास ठेवला गेला. आम्लानं शिंपल्यांचा चुना सैल होतो, क्लोराइड हळूहळू पाण्यात उतरतात, आणि उरलेली खपली माणसं हातानं, पत्रा ओरखडणार नाही अशा बेतानं काढतात. हे काम दिवसांत नाही, वर्षांत मोजायचं.

धुऊन झाल्यावर काय करायचं, यावर मात्र मतं फुटतात. २०१९ मध्ये सोलेंट सामुद्रधुनीतून काढलेल्या ब्रिटिश बॅराकुडा विमानाचे भाग येओव्हिल्टनच्या संग्रहालयाकडे गेले, ते तिथे चाललेल्या बॅराकुडाच्या पुनर्बांधणीला हातभार म्हणून. कारण त्या जातीचं एकही विमान शाबूत उरलेलं नाही. तिथे मोडका भाग नव्याला माप देतो, हे पटण्यासारखं आहे. डॉर्निअरच्या बाबतीत मात्र मी डागडुजीच्या विरोधात आहे. नवा पत्रा ठोकून, रंग मारून ते उभं केलं, तर १९४० मधलं किती आणि आपण घातलेलं किती हे कुणाला सांगता येणार नाही. लंडनच्या हेंडनमध्ये या बाजूचा चांगला दाखला आहे: नॉर्वेतल्या गोठलेल्या तळ्यावर १९४२ मध्ये उतरलेलं आणि बर्फ फुटून बुडालेलं हॅलिफॅक्स बाँबर. १९७३ मध्ये ते वर काढलं गेलं आणि मोडक्या अवस्थेतच मांडलं गेलं. पाणी गोडं आणि थंडगार असल्यामुळे त्याच्या वाट्याला क्लोराइडचा हा जाच आला नव्हता.

खाऱ्या पाण्यातल्या विमानाला ती सवलत नसते. फवारा बंद करायची घाई झाली, तर खड्ड्यात उरलेलं मीठ पावसाळी हवेत पुन्हा जागं होतं, आणि वाकलेल्या पात्यांच्या बुडाशी पांढरी भुकटी पहिल्यांदा दिसते.