कोरी जागा

पुण्याच्या नव्या पेठेतली स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका सोडून नोकरी शोधू लागले, तेव्हा मुलाखतीत हमखास विचारलं जाऊ लागलं, "पदवीनंतरची ही वर्षं कुठे गेली?" बायोडेटात तिथे कोरी जागा आहे. मला मात्र तिथे राज्यघटनेची कलमं दिसतात, पूर्व, मुख्य, मुलाखत असे टप्पे दिसतात, लांबलेल्या जाहिराती दिसतात. राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाला ३८ वर्षांची मर्यादा. खासगी कंपन्यांना मात्र तिशीतला नवखा नको असतो. या दोहोंच्या मध्ये उभं असताना भीती वाटते आणि मोकळंही वाटतं. का, ते अजून उमगलेलं नाही. आई आता निकालाचं विचारत नाही, जेवलीस का एवढंच विचारते. मुलाखत घेणाऱ्यांनो, त्या कोऱ्या जागेत काय शिकलात, हेही विचारा. अभ्यास हेही कामच आहे.