चिमटा आणि मशिनगन

दाताचा डॉक्टर म्हटला, की डोळ्यांसमोर काय येतं? मागे कलणारी खुर्ची, तोंडावरचा झगझगीत दिवा आणि ट्रेमध्ये मांडून ठेवलेले चिमटे. तिथं धाडस असलंच, तर ते खुर्चीत बसणाऱ्याचं! पण याच व्यवसायातल्या एका तरुणाचं नाव अमेरिकेच्या लष्करी इतिहासात कायमचं कोरलं गेलं आहे. मात्र ते कोरलं जायला त्याच्या मृत्यूनंतर तब्बल 58 वर्षं लागली.

बेन सॉलोमनचा जन्म 1914 चा, मिलवॉकी शहरातल्या एका ज्यू कुटुंबातला. आईवडिलांचा तो एकुलता एक मुलगा. शाळेत असताना स्काउटमधला सर्वोच्च ‘ईगल स्काउट’ हा किताब त्यानं मिळवला. मोकळ्या हवेची आणि खेळांची त्याला मनापासून आवड. 1937 मध्ये सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातून तो दंतवैद्य होऊन बाहेर पडला आणि त्यानं स्वतःचा दवाखाना थाटला. आयुष्य मार्गी लागलं, असंच कुणालाही वाटलं असतं.

1940 मध्ये त्याला सक्तीच्या लष्करभरतीचं बोलावणं आलं. गंमत म्हणजे, हातात पदवी असूनही तो दाखल झाला तो पायदळातला साधा शिपाई म्हणून! आणि तिथं तो रमला. रायफल आणि पिस्तूल या दोन्हींत तो निष्णात नेमबाज ठरला. बढती मिळत मिळत मशिनगनच्या तुकडीचा सार्जंटही झाला. 1942 मध्ये लष्कराला त्याची पदवी आठवली आणि दंतवैद्यकीय शाखेत अधिकारी म्हणून जाण्याचा हुकूम आला. त्याला पायदळातच राहायचं होतं, वरिष्ठांनाही तो हवा होता. पण हुकूम तो हुकूम. पुढं 27 व्या डिव्हिजनच्या 105 व्या रेजिमेंटचा दंतवैद्य झाल्यावर सकाळी तो जवानांचे दात तपासी आणि दुपारी त्यांच्याच बरोबर पायदळाच्या कवायतीत उतरे.

जून 1944 मध्ये ही रेजिमेंट पॅसिफिक महासागरातल्या सायपान बेटावर उतरली. ऐन लढाईत दातांच्या डॉक्टराला काम ते काय असणार? दुसऱ्या बटालियनचा सर्जन जखमी झाला, तेव्हा बेननं आपण होऊन त्याची जागा मागून घेतली. दाढा काढणारे हात आता रक्तबंबाळ जखमा बांधू लागले.

बेटावरच्या जपानी सैन्याची कोंडी झाली होती. माघारीला जागा नव्हती आणि शरणागती मान्य नव्हती. अखेरच्या हल्ल्याचा आदेश देऊन जपानी सेनापती सैतो यांनी 6 जुलै रोजी आत्महत्या केली. 7 जुलैच्या पहाटे तीन ते पाच हजार जपानी सैनिक मरणाच्याच तयारीनं दोन अमेरिकन बटालियनवर तुटून पडले.

बेनचा उपचारांचा तंबू आघाडीच्या खंदकांमागे अगदी जवळच होता. पहिल्या काही मिनिटांतच सुमारे तीस जखमी तिथं येऊन पोचले. कुणी चालत, कुणी सरपटत, तर कुणी दुसऱ्याच्या खांद्यावर. तेवढ्यात तंबूजवळ पडलेल्या एका जखमीला जपानी सैनिक संगिनीनं भोसकताना बेनला दिसला. त्यानं बसल्या जागेवरून गोळी झाडली आणि तो पुन्हा जखमींकडे वळला. पण आणखी दोघे दारातून आत आले, मग चौघे तंबूच्या कनातीखालून घुसले. त्या अरुंद जागेत हातघाईची झुंज झाली. ते सारे मारले गेले. पण आता इथं उपचार करणं शक्य नाही, हे बेनला कळून चुकलं. जमेल तसं मागच्या मदत केंद्राकडे निघा, मी यांना थोपवतो, असं त्यानं जखमींना सांगितलं आणि एकाची रायफल घेऊन तो बाहेर पडला.

बाहेर एका मशिनगनवरचे चार जण एकापाठोपाठ ठार झाले होते. ती मशिनगन बेननं हाती घेतली. ते काम त्याला नवीन नव्हतंच.

पुढं शोध घेणाऱ्यांना तो त्याच मशिनगनपाशी सापडला. समोर 98 जपानी सैनिकांचे मृतदेह होते आणि त्याच्या अंगावर गोळ्यांच्या 76 जखमा. त्याचं वय होतं अवघं 29.

आपल्याकडच्या परमवीरचक्रासारखा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान म्हणजे ‘मेडल ऑफ ऑनर’. डिव्हिजनचे इतिहासकार कॅप्टन एडमंड लव्ह यांनी साक्षी गोळा करून त्यासाठी शिफारस तयार केली. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल ग्राइनर यांना बेनच्या शौर्याबद्दल शंका नव्हती. अडचण होती ती दंडावरच्या रेड क्रॉसच्या पट्टीची. ही पट्टी बांधणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं जिनिव्हा करारानुसार शत्रूवर शस्त्र उचलायचं नसतं, असं सांगून त्यांनी शिफारस परत केली.

वास्तविक 1929 चा जिनिव्हा करार एवढा कठोर नव्हता. स्वतःच्या आणि आपल्या जखमी रुग्णांच्या बचावासाठी डॉक्टरनं शस्त्र वापरलं, तरी त्याचं संरक्षण जात नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं होतं. प्रश्न उरला तो मशिनगनचा. ते हल्ल्याचं शस्त्र की बचावाचं? उत्तर शस्त्रात शोधलं, तर वाद कधीच मिटणार नाही. ते शोधायला हवं त्या मशिनगनच्या पाठीमागं, जिथं जखमी माणसं एकमेकांना सावरत मागं सरकत होती. त्यांना थोडा वेळ हवा होता. दुसरं कुठलंही औषध त्या घडीला उपयोगाचं नव्हतं.

कागद मात्र फिरतच राहिले. 1951 मध्ये मुदत संपल्याचं कारण पुढं आलं. 1969 मध्ये पुन्हा प्रयत्न झाला, तोही वाया गेला. 1998 मध्ये त्याच्याच दंतमहाविद्यालयातल्या डॉ. रॉबर्ट वेस्ट यांनी प्रकरण नव्यानं हाती घेतलं. अखेर 1 मे 2002 रोजी राष्ट्राध्यक्ष बुश यांनी हे पदक जाहीररीत्या प्रदान केलं. बेनच्या वतीनं ते स्वीकारलं डॉ. वेस्ट यांनी, आणि ठेवलं गेलं त्याच्या जुन्या दंतमहाविद्यालयात.

दाताच्या दवाखान्यात अपॉइंटमेंट संपली, की डॉक्टरची जबाबदारीही बहुधा संपते. बेन सॉलोमननं मात्र आपला शेवटचा रुग्ण सुखरूप बाहेर पडेपर्यंत दवाखाना बंद केला नाही.