नागपुरातले एक सत्र

जुलै 2024 मधली गोष्ट. यवतमाळच्या बसस्थानकावर नागपूरची गाडी लागली. वाहकाने आम्हा दोघींकडे एक नजर टाकली आणि काही न विचारता अर्धे तिकीट हातात ठेवले. उत्पन्नाचा दाखला नाही, अर्ज नाही, तहसीलीची पायरी नाही. मार्च 2023 पासून एसटीत सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे आम्हाला त्यात काही विशेष वाटले नाही. डिसेंबरात परत येताना मात्र त्याच तिकिटाकडे आम्ही बराच वेळ पाहत बसलो. मधल्या पाच महिन्यांत काय घडले, ते वाचकांना सांगावेसे वाटले म्हणून हा लेख.

आम्ही दोघी चुलत बहिणी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात राहतो आणि राज्यशास्त्र घेऊन बी.ए. करतो. शेवटच्या वर्षी एक सत्र बाहेर राहून प्रत्यक्ष काम करण्याची परवानगी कॉलेजने दिली. नागपुरातल्या धंतोलीत एक लहानशी संस्था आहे. सरकारी निर्णय वाचून त्यांचा सोप्या मराठीत सारांश करायचा आणि तो गावोगावच्या कार्यकर्त्यांना पाठवायचा, हे तिचे काम. तिथे दिवसा काम आणि संध्याकाळी सार्वजनिक धोरणाचे वर्ग, अशी व्यवस्था ठरली.

घरात अर्थातच बैठक बसली. चाचा म्हणाले, "मुली राज्यशास्त्र शिकून करणार काय? लग्नाची वये झाली." अम्मीला राहण्याची काळजी होती. ती मिटली, कारण मोमिनपुऱ्यात एकीची खाला राहते. तरी निर्णय होईना. शेवटी कोपऱ्यात गोधडी शिवत बसलेली आमची फुफी बोलली, "माझा अर्ज तीनदा परत आला. प्रत्येक वेळी सांगतात, वरून नियम आहे. जाऊ द्या पोरींना. बघून तरी येतील, वर कोण बसलंय ते." सगळे हसले आणि परवानगी मिळाली.

कळंब मागे पडले की थोड्या वेळाने वर्धा नदी लागते. यवतमाळ जिल्हा इथे संपतो आणि जुना वऱ्हाडही इथेच संपतो. पुढे देवळी, वर्धा, बुटीबोरी करत गाडी गणेशपेठच्या स्थानकात शिरते. दीडशे किलोमीटरचा रस्ता, पण आमच्या गावातले कित्येक जण तो एकाच कारणासाठी करतात : मेडिकलमध्ये रुग्ण दाखवायला. राजधानी म्हणून नागपूर पाहायला निघालेल्या बहुधा आम्हीच दोघी.

नागपूर खरोखरच राजधानी होते. 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशचा कारभार इथून चालत असे. विदर्भ मराठी राज्यात यावा म्हणून 1953 मध्ये नागपूर करार झाला, त्यात विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात घेण्याचे ठरले. महाराष्ट्र झाल्यावर 1960 पासून हिवाळी अधिवेशन इथे भरू लागले. विदर्भातल्या माणसाला आपले गाऱ्हाणे घेऊन मुंबईपर्यंत जावे लागू नये, हा त्यामागचा विचार. झिरो माईलचा खांब आणि त्याचे घोडे पाहून पुढे गेले की विधानभवन दिसते. पहिल्या रविवारी खालाने आम्हाला तिथवर नेले. फाटक बंद होते आणि बाहेर एक संत्रीवाला नुकतीच आलेली मोसंबी विकत होता.

कामाच्या ठिकाणी पहिल्या दिवशी ओळखी झाल्या. यवतमाळचे नाव काढताच एक सहकारी सहज म्हणाला, "म्हणजे आत्महत्यांचा जिल्हा." त्याच्या मनात वाईट काही नव्हते. 1986 मध्ये चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायकोमुलांसह जीवन संपवले तेव्हापासून, आणि 2006 मध्ये पंतप्रधान विदर्भात येऊन सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचे पॅकेज देऊन गेले तेव्हापासून तर अधिकच, आमच्या जिल्ह्याची राजधानीतली ओळख हीच आहे. आम्ही गप्प राहिलो. आमच्या मॅडम मात्र म्हणाल्या, "अकरा वर्षांहून जास्त मुख्यमंत्री राहिलेले वसंतराव नाईक पुसदचे. सुधाकरराव नाईकही पुसदचे. त्या जिल्ह्याने धोरणे सोसली आहेत तशी घडवलीही आहेत." त्या दिवशी आम्हाला जरा ताठ बसता आले.

पहिला महिना शासन निर्णय वाचण्यात गेला. भाषा अवघड वाटेल अशी भीती होती. पण पानापानावर भेटणारे शब्द ओळखीचेच निघाले : अर्ज, दाखला, मसुदा, मंजूर, नामंजूर, रक्कम, हप्ता, तहसील, जिल्हा. हे सगळे अरबी-फारसीतून आलेले, शेकडो वर्षे मराठीच्या घरात नांदलेले शब्द. दादीच्या बोलण्यातले शब्द सरकारी शिक्क्याखाली पाहून गंमत वाटली. दुपारी जुहरच्या वेळी मॅडमनी जुन्या फाइलींच्या खोलीत एक कोपरा मोकळा करून दिला होता. गेल्या तीस-चाळीस वर्षांच्या योजनांचे गठ्ठे भिंतीला लागून आणि समोर आमचा मुसल्ला, असे ते दृश्य.

त्या गठ्ठ्यांत दोन योजना आम्हाला फार आवडल्या. एक रोजगार हमी. वि. स. पागे यांनी मांडलेली कल्पना 1972 च्या दुष्काळात, वसंतराव नाईकांच्या काळात, राज्यभर कामाला आली. 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि पुढे 2005 मध्ये साऱ्या देशाने तिच्यासारखा कायदा केला. दुसरी, 1980 ची संजय गांधी निराधार अनुदान योजना. ती बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री असताना सुरू झाली. आमच्या घरात अंतुलेंचे नाव नेहमी अभिमानाने निघते, पण गावातल्या ज्या विधवांना आणि अपंगांना दरमहा पैसे मिळतात ते त्यांच्या योजनेचे, हे आम्हाला कुणी सांगितले नव्हते. त्या पैशांना जात-धर्म नाही. म्हणूनच ते आमच्या मोहल्ल्यातही येतात आणि शेजारच्या तांड्यातही.

मग प्रकल्पाचा विषय निवडायची वेळ आली. "तुम्ही अल्पसंख्याकांवर करणार ना?" असे सगळ्यांनी गृहीत धरले होते. तो विषय मोठा आहेच. पण आमच्या डोळ्यांपुढे फुफी होती. मुसलमान बाईचा प्रश्न नेहमी मुसलमानांचाच प्रश्न असतो असे नाही. पुष्कळदा तो म्हातारपणाचा असतो, मजुरीचा असतो, रेशनचा असतो. आम्ही विषय घेतला : 65 नंतरची एकटी बाई.

फुफीचे वय तेव्हा 67. फुफांना जाऊन वीस वर्षे झाली, मूलबाळ नाही. हंगामात कापूस वेचते, एरवी गोधड्या शिवते. महिन्याला सरासरी 2,000 रुपये पडतात. म्हणजे वर्षाला 24,000.

तिच्यासाठी जी योजना आहे ती श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. वय 65 पूर्ण हवे, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत हवे. मिळतात महिन्याला 1,500. फुफी मर्यादेच्या 3,000 रुपये वर आहे. म्हणून अर्ज नामंजूर.

आम्ही कागदावर हिशेब मांडला. 21,000 ला 365 ने भागले तर दिवसाला 58 रुपयेसुद्धा होत नाहीत. 2024-25 मध्ये राज्यात रोजगार हमीचा दर दिवसाला 297 रुपये होता. कुणा म्हातारीने 71 दिवस काम केले, तरी तिचे उत्पन्न 21,087 होते आणि ती निवृत्तिवेतनाच्या बाहेर जाते. एक योजना तेव्हा 100 दिवस कामाची हमी देत होती आणि दुसरी 71 व्या दिवशी दार लावत होती. आणखी एक विसंगती होती. त्याच पावसाळ्यात लाडकी बहीण योजना आली. तिच्यातही महिन्याला 1,500 रुपयेच, पण तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. वयाची अट मात्र 21 ते 65. म्हणजे 65 पर्यंत अडीच लाखवाली बाई गरजू ठरते आणि 65 ओलांडल्यावर 24,000 वाली ठरत नाही.

पण फुफीच्या अर्जाची खरी गोष्ट या आकड्यांतही नव्हती. ती आम्हाला ऑगस्टमध्ये फोनवर कळली. तिसऱ्यांदा अर्ज परत आला तेव्हा एक मध्यस्थ घरी आला होता. म्हणाला, "20,000 चा दाखला करून देतो. पहिले दोन हप्ते माझे." मोहल्ल्यातल्या चार-पाच जणींनी तसेच केलेले. फुफीने त्याला चहा पाजला आणि परत पाठवले.

"का गं फुफी?" आम्ही विचारले.

"बेटा, हातांनी कमावलेले तीन हजार कमावलेच नाहीत असं कसं लिहून देऊ? उद्या अल्लाहसमोर हाच कागद निघाला तर?"

दुसऱ्या दिवशी आम्ही ही गोष्ट वर्गात सांगितली. बरीच चर्चा झाली. एक जण म्हणाला, सगळेच करतात, तिनेही करायला हवे होते. दुसरी म्हणाली, उपाशी माणसाला एवढा प्रामाणिकपणा परवडत नाही. आम्हाला हजरत उमर (रजि.) यांची लहानपणापासून ऐकलेली गोष्ट आठवली. रात्री फिरताना त्यांना भुकेली मुले आणि चुलीवर नुसते पाणी उकळत बसलेली आई दिसते, आणि खलिफा स्वतःच्या पाठीवर पिठाचे पोते आणतात. गोष्ट आपण सगळेच सांगतो. पण त्याच उमर (रजि.) यांनी दीवान, म्हणजे नावांची नोंदवही, सुरू केली हे आपण क्वचितच सांगतो. रोज रात्री प्रत्येक दारी पोते नेता येत नाही. म्हणून वही हवी, आणि वहीत नाव लागण्यासाठी बाईला खोटे बोलावे लागू नये. मॅडम म्हणाल्या, "हे तुमच्या अहवालाचे पहिले वाक्य करा." आम्ही लिहिले : ज्या नियमामुळे 3,000 रुपयांच्या खरेपणासाठी वर्षाला 18,000 रुपये गमवावे लागतात, तो नियम गरिबाची गरिबी मोजत नाही, त्याची खोटे बोलण्याची तयारी मोजतो.

डिसेंबरात नागपूर एकदम बदलले. रस्ते धुतले गेले, भिंती रंगवल्या गेल्या, सीताबर्डीकडे मोर्चे निघू लागले. निवडणुका होऊन नवे सरकार आले होते आणि 16 ते 21 डिसेंबर असे सहा दिवसांचे अधिवेशन होते. संस्थेच्या ओळखीने आम्हाला प्रेक्षक गॅलरीचे पास मिळाले. फोन बाहेर ठेवून आत गेलो आणि वरून सभागृह पाहिले. औचित्याचा मुद्दा यासारखे पुस्तकातले शब्द तिथे माणसांच्या आवाजात ऐकू आले. अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी 35,788 कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या होत्या. त्या आकड्यापुढे फुफीचे 3,000 आम्ही वहीत लिहून पाहिले. दोन्ही एकाच पानावर मावले. वर कोण बसले आहे, हे पाहून झाले होते. आपल्यासारखीच माणसे होती. काही लक्ष देऊन ऐकत होती, काही जांभया देत होती.

मॅडमनी मग एक वाट दाखवली. विधिमंडळाची विनंती अर्ज समिती असते. सामान्य नागरिक सभागृहाच्या सदस्यामार्फत तिच्यापुढे आपले म्हणणे मांडू शकतो. हे आम्हाला तीन वर्षे राज्यशास्त्र शिकूनही ठाऊक नव्हते. कुरआनमधल्या एका सूरेचे नावच 'अश-शूरा', म्हणजे सल्लामसलत. सल्ला मागणाऱ्याचे कर्तव्य आपण खूप बोलतो. पण ज्याच्याजवळ सांगण्यासारखे आहे त्याने जाऊन सांगायचे असते, ही दुसरी बाजू आम्ही नागपुरात शिकलो.

परतताना वर्धा नदीनंतर दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता. शेतात वाकलेल्या बाया दिसत होत्या, त्यांतल्या कितीतरी फुफीच्या वयाच्या. हातात अर्धे तिकीट होते. ते देताना वाहकाने आमच्याकडून काही खरे-खोटे करून घेतले नव्हते. सगळ्याच योजना तशा करता येणार नाहीत, हे आता आम्हाला कळते. पैसा मोजका असतो, मर्यादा कुठेतरी घालावी लागते. पण ती घालताना गोधडी शिवणाऱ्या बाईकडे पाहून घालता येते.

घरी आल्यावर रात्री आम्ही फुफीला अर्जाचा मसुदा वाचून दाखवला. मागणी एकच होती : 65 नंतरच्या एकट्या बाईसाठी उत्पन्नाची मर्यादा वाढवावी. तिने डोळे मिटून सगळे ऐकले. मग म्हणाली, "इथे 'निराधार वृद्ध महिला' लिहिलंय ते काढ. आधार अल्लाहचा आहे. नुसतं लिही, वय 67, काम करते."

आम्ही तसेच लिहिले. तिने सही केली. अर्ज आमदारांच्या कार्यालयात दिला आहे, अजून उत्तर नाही. तोवर आम्ही दोघी दर शुक्रवारी दुपारी मोहल्ल्यातल्या बायकांना त्यांचे कागद वाचून दाखवतो. पहिल्या शुक्रवारी चौघी आल्या होत्या, मागच्या वेळी अकरा. चाचांनी त्यासाठी आपली पुढची खोली दिली आहे.

ज्या घरांत मुली राज्यशास्त्र, लोकप्रशासन शिकत आहेत त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगून थांबतो. हिवाळी अधिवेशनाच्या काळात नागपूरच्या विधानभवनात या विषयांच्या विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेचा संसदीय अभ्यासवर्ग भरत आला आहे. कॉलेजात चौकशी करा. मुलींना पाठवा. आणि पाठवताना त्यांच्या पिशवीत घरातल्या एखाद्या नामंजूर अर्जाची प्रत जरूर ठेवा.